सहा नंबरच्या लाइनीवरचे कान

अमेरिकेतल्या कॉटनवूड बेंड गावात अल्बिना ह्रुबीला तिच्या नावाने हाक मारणारा एकच माणूस होता, आणि तो तुरुंगात मेला. बाकीच्यांच्या लेखी ती 'सेंट्रल' होती, गावचे फोन जोडून देणारी बाई. फोनचं हँडल गरागरा फिरवायचं, 'सेंट्रल, डॉक्टर लावून दे गं' म्हणायचं, बोलणं संपलं की रिसीव्हर अडकवून मोकळं व्हायचं. विहिरीवरच्या रहाटाचे कोणी आभार मानतं का? तसंच हेही.

टेलिफोन कंपनीने दिलेलं तिचं घर दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत स्विचबोर्ड, म्हणजे दोऱ्या खोचून फोन जोडायचा फळा, मागच्या खोलीत शेगडी आणि पलंग. लग्न होऊन ती बोहेमियन, म्हणजे युरोपातल्या बोहेमियाहून आलेल्या लोकांच्या, वस्तीतून इथे आली तेव्हा आधीची म्हातारी सेंट्रल बहिरी होत चालली होती. कंपनीने अल्बिनाला खुर्चीत बसवलं आणि एकच नियम सांगितला. सेंट्रल जोडते, सेंट्रल तोडते. सेंट्रल ऐकत नाही आणि मध्ये बोलत तर मुळीच नाही. बोलली तर खुर्ची गेली, आणि खुर्चीबरोबर घरही गेलं.

स्वतःपुरती वेगळी तार घेणारे गावात दोघे-तिघेच. बाकीच्यांची एका तारेवर दहा-पंधरा घरं. सहा नंबरच्या लाइनीवर चौदा होती. प्रत्येक घराच्या घंटेची खूण निराळी, लुडलोबाईंची दोन लांब आणि एक आखूड, फेनविकांची तीन आखूड. पण घंटा वाजायची ती चौदाही घरांत, आणि कोणाचीही वाजली तरी चौदाही घरांतले रिसीव्हर हलकेच उचलले जायचे. ऐकायचं सगळ्यांनी, कबूल करायचं कोणीच नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसं अख्खं गाव डोळे मिटून कान लावायचं. चुकून कोणी 'काल फोनवर कळलं' असं बोलून गेला तर बाकीचे त्याच्याकडे असं पाहत, जणू मेल्याने कोणाच्या न्हाणीघरात डोकावलं.

अल्बिनाला मात्र कोण कुठे कान लावून बसलंय हे पत्त्यानिशी कळे. ऑर्फा लुडलो ही दारूबंदी महिला संघाची अध्यक्षीण, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी. तिच्या स्वयंपाकघरात फोनशेजारीच पिंजरा होता, पण त्यातला पिवळा कॅनरी पक्षी तिच्यासारखा गप्प बसणारा नव्हता. येन्सनच्या घरचं भिंतीवरचं घड्याळ घशात काहीतरी अडकल्यासारखं टकटक करायचं. केटलरांचं पोर रडायचं. शिवाय जितके रिसीव्हर उचलले जात तितका बोलणाऱ्याचा आवाज बारीक होई. अशा वेळी अनुभवी माणूस ओरडायचा, "अहो, ठेवा की खाली! मला माझ्या बहिणीचं बोलणं ऐकू येत नाहीये!" मग खट् खट् करत पाच-सहा रिसीव्हर जागेवर जायचे आणि आवाज पुन्हा मोठा व्हायचा.

तिचा नवरा एमिल दोन घोड्यांची गाडी हाकायचा. कोळसा, धान्य, कोणाचं घरसामान, जे मिळेल ते वाहायचा. बोलायला मोठा, हसायला त्याहून मोठा. १९२४च्या ऑगस्टमध्ये त्याच्या पुतणीचं लग्न ठरलं आणि त्याने गोठ्यात एक पिंप बिअर केली. देशभर दारूबंदी येऊन चार वर्षं झाली होती, ते त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बोहेमियन घरातलं लग्न, वर बिअर नाही, म्हणजे वऱ्हाडाला काय घोड्यांच्या हौदावर नेऊन उभं करायचं? "एका पिंपाने अमेरिका बुडत नाही, अल्बिना," तो म्हणाला होता.

अमेरिका बुडाली नाही. पण काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, सरकारी वकील लेम्युएल स्टॅनार्ड नोव्हेंबरात पुन्हा निवडणुकीला उभा होता, आणि त्याला एक पिंप हवंच होतं. शेरीफला घेऊन, फोटोवाल्याला घेऊन तो भर लग्नात आला. नवरीसमोर पिंप फोडलं. तिच्या पांढऱ्या बुटांवरून बिअर वाहत गेली आणि तो फोटो वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला. त्याच काउंटीत बँकवाल्यांच्या तळघरात काय काय होतं ते लहान पोरांनाही माहीत होतं, पण बँकवाले स्टॅनार्डच्या सभेत पहिल्या रांगेत बसायचे. एमिलला नव्वद दिवसांची सजा झाली.

ऑक्टोबरात त्याला थंडी बाधली. दगडी तुरुंग, ओली गादी. पुढचं जे घडलं ते अल्बिनाने कोणाकडून ऐकलं नाही. ते तिने स्वतःच्या हातांनी जोडून दिलं.

रविवारची दुपार होती. जेलरने फोन केला आणि वकीलसाहेबांचं घर मागितलं. तेव्हा त्या चौदा घरांशिवाय स्टॅनार्डचा फोनही सहा नंबरच्याच लाइनीवर होता. तिने जोडला आणि नवरा ज्या तुरुंगात होता तिथला फोन म्हणून रिसीव्हर कानावरच ठेवला.

"साहेब, त्या ह्रुबीचं लक्षण काही ठीक नाही," जेलर म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, आजच्या आज शहरातल्या इस्पितळात हलवा. तुमची सही लागेल."

"खोकतोय?"

"रक्त पडतंय, साहेब."

"मग खोकू दे. मतदानाला सोळा दिवस राहिलेत. आत्ता सोडला तर चर्चमधल्या बाया म्हणतील, स्टॅनार्ड नरमला. मतं पडू देत, मग बघू."

लाइनीवर कॅनरी गात होता. येन्सनचं घड्याळ टकटक करत होतं. केटलरांचं पोर रडत होतं, ते कोणीतरी घाईने उचलून गप्प केलं. आणि अल्बिना, जिच्या हातात ती दोरी होती, जिने नुसतं 'अरे मेल्या, तो माझा नवरा आहे' एवढं म्हटलं असतं तरी चौदा घरांसमोर म्हटलं गेलं असतं, ती गप्प बसली. नऊ वर्षांचा नियम जिभेवर दगडासारखा बसला होता. दोन्हीकडे रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला तेव्हा कुठे तिला हात हलवता आले.

मग मात्र तिने बोर्ड तसाच उघडा टाकला, नऊ वर्षांत पहिल्यांदा, आणि धावत स्टॅनार्डचं घर गाठलं. तो दारात आला, हातात रुमाल, ओठांवर जेवणाचं लोणी.

"साहेब, पाया पडते. एमिलला इस्पितळात जाऊ द्या. उरलेले दिवस नंतर भरून देईल."

स्टॅनार्डने तिच्याकडे नीट पाहिलं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

"त्याला बरं नाही, हे तुला कसं समजलं, सेंट्रल?"

तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"सेंट्रल ऐकते असं कंपनीला कळवावं लागलं तर मला वाईट वाटेल," तो म्हणाला. "बोर्ड उघडा टाकून आलीस ना? जा, बस जागेवर. लोकांना फोन करायचे असतात."

ती परत गेली. बसली जागेवर. चार दिवसांनी, गुरुवारी एमिल गेला. बारा दिवसांनी मतं पडली आणि स्टॅनार्ड दणक्यात निवडून आला.

अंत्यविधीला सहा नंबरच्या लाइनीवरची चौदाही घरं आली. कोणी बटाट्यांचं भांडं आणलं, कोणी केक. लुडलोबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाल्या, "देवाची इच्छा, बाई. कोणाला काय कल्पना होती, एवढं दुखणं वाढलंय म्हणून!" अल्बिनाने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. बाईंनी नजर वळवून भांड्यावरचं फडकं सारखं केलं. कल्पना चौदा घरांना होती. एकाने जरी डॉक्टरला, पाद्र्याला, वर्तमानपत्राला 'मी ऐकलं' एवढं सांगितलं असतं तर स्टॅनार्डला सही करावी लागली असती. पण सांगायचं म्हणजे कान लावला होता हे आलं, आणि त्या लाजेपेक्षा एक बोहेमियन गाडीवान मेलेला स्वस्त पडला. अल्बिनाने सगळी भांडी घासली आणि ज्याची त्याला परत केली. आतलं अन्न मात्र डुकरांना घातलं.

त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. स्टॅनार्डला ज्या खुर्चीसाठी एमिल खोकत ठेवावा लागला, तशी खुर्ची त्याच्या बुडाखालून काढायची, आणि तीही त्याच्याच जिभेने. देवाने शिक्षा करावी वगैरे प्रार्थना तिने केली नाही. देवाच्या लाइनीवर फार गर्दी असते. तिने वाट पाहायचं ठरवलं, आणि वाट पाहणं हा तर तिचा धंदाच होता.

निवडून आल्यावर स्टॅनार्डने स्वतःची खाजगी तार घेतली. आता त्याचं बोलणं कोणी चोरून ऐकू शकत नव्हतं. सेंट्रल सोडून, पण सेंट्रल म्हणजे काय माणूस का! त्याच तारेवरून तो ओमाहा शहरातल्या फ्लॉइड नावाच्या माणसाकडून कॅनडाची व्हिस्की मागवू लागला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. हा पाषाण तर कोरडाही नव्हता. अल्बिनाला पहिल्याच महिन्यात कळलं. तिने तेव्हाच बोंब का मारली नाही? कारण एका वकिलाने चोरून घोटभर घेतली म्हणून गाव चार दिवस कुजबुजलं असतं आणि विसरलं असतं. तिला त्याचं तोंड पूर्ण उघडलेलं हवं होतं.

१९२६ला स्टॅनार्ड राज्याच्या सिनेटसाठी उभा राहिला. मतदारसंघ मोठा होता, लढत अटीतटीची, आणि कॉटनवूड बेंड हा त्याचा बालेकिल्ला. त्याने चर्चला प्रार्थनागीतांची नवी पुस्तकं देणगी म्हणून जाहीर केली. लुडलोबाईंनी व्यासपीठावरून त्याला 'आमच्या घरांचा राखणदार' म्हटलं आणि बायांनी टाळ्या वाजवल्या.

मतदानाच्या आधीच्या बुधवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, बोर्डावर त्याच्या तारेचं झाकण, फोन आल्याची ती खूण, खाली पडलं.

"सेंट्रल, ओमाहा दे. फ्लॉइड."

"देते, साहेब."

बुधवार म्हणजे चर्चच्या जेवणासाठी पाव भाजायचा दिवस. बाया झाडून घरात. अल्बिनाने ओमाहा जोडलं, दोघांचा रामराम होऊ दिला. मग सहा नंबरच्या लाइनीवर घंटा दिली. तीन आखूड. फेनविकांची.

फेनविक कुटुंब महिन्यापूर्वी घर बंद करून कॅलिफोर्नियाला गेलं होतं. बंद घराला फोन करणारा हा कोण? आता असं कुतूहल जिला आवरेल ती बाई त्या गावात जन्मलेली नव्हती. स्वतःची घंटा असती तर 'हॅलो' म्हणावं लागलं असतं. दुसऱ्याच्या घंटेला कोणी हॅलो म्हणत नाही, श्वास रोखून ऐकतं. अल्बिनाने दोरी खोचून स्टॅनार्डची तार सहा नंबरला जोडली. मग दोन नंबरच्या लाइनीवर आणि चार नंबरच्या लाइनीवरही अशाच बंद घरांच्या घंटा देऊन त्याही जोडल्या. मधे बंद पडू नयेत म्हणून बोर्डावरच्या सगळ्या कळा तिने दोन्ही हातांनी दाबून धरल्या. खुट्, खुट्, खुट्. कॅनरी गायला लागला. येन्सनचं घड्याळ आलं. कुठेतरी लोणी घुसळणारा दांडा चालता चालता थांबला.

"हॅलो! फ्लॉइड! अरे, मोठ्याने बोल, लाइन ढिली पडलीये!"

"कोणी ऐकत असेल, लेम," फ्लॉइड म्हणाला.

"छे रे! माझी खाजगी तार आहे. मध्ये फक्त सेंट्रल."

"मग ती?"

"ती? ती बोर्डाचाच एक खिळा आहे!" आणि स्टॅनार्ड सभेत बोलतात तसा ओरडून बोलू लागला. कान जितके वाढत होते तितकी तार क्षीण होत होती, आणि तार जितकी क्षीण होत होती तितका तो घसा ताणत होता. "नीट ऐक! तीन पेट्या पाठव. एकीत पुस्तकं, बाकी दोन्हींत बाटल्या. तिन्हींवर चर्चचं नाव टाक!"

"आणि चर्चच्या बायांनी उघडल्या तर?"

"त्या कोंबड्या? अरे, ती लुडलो आहे ना, तिला व्यासपीठावर खुर्ची दिली की ती मी सांगेन तिथे अंडं घालते! देवाचं नाव लिहिलं की त्या पेटीवर डोकं टेकतील, उघडणार नाहीत!"

फ्लॉइड हसला. "नशीबवान आहेस लेका. मागच्या वेळी तो बोहेमियन सापडला तुला."

"नशीब कसलं, डोकं लागतं! खोकला त्याला झाला, मतं मला झाली!"

अल्बिनाचे हात कळांवर होते. तिने डोळे मिटले आणि आणखी थोडं, एवढंच मनात म्हटलं.

"तेव्हा मला खाजगी तार नव्हती. अख्ख्या सहा नंबरने ऐकलं होतं मी काय म्हणालो ते! कोणी ब्र काढला? काढणार कसा? कान लावला होता हे सांगावं लागेल ना! असली गुणी जनावरं आहेत ही, फ्लॉइड. दावं बांधायचीही गरज नाही!"

कॅनरी गात होता. पिंजऱ्यावर कोणीतरी घाईघाईने कापड टाकलं आणि तो गप्प झाला. पण रिसीव्हर मात्र एकही खाली गेला नाही.

बोलणं संपलं. अल्बिनाने एकेक दोरी काढली, जागेवर लावली, आणि मागच्या खोलीत जाऊन एमिलच्या आवडीचे आलुबुखारा भरलेले 'कोलाचे' नावाचे बोहेमियन गोड पाव भट्टीत घातले. दोन वर्षांत तिने ते केले नव्हते.

गावात चारचौघांत कोणी काही बोललं नाही. गुरुवारी नाही, रविवारी चर्चमध्ये नाही. लुडलोबाईंनी स्टॅनार्डशी हात मिळवला, 'पुस्तकं आली का हो?' असं गोड विचारलंदेखील. त्याच्या सभेला माणसं नेहमीसारखी आली, नेहमीसारखी बसली. ही माणसं तेव्हा गिळून बसली तशी आताही गिळतील की काय? दोन वर्षांचा धीर आणि एवढा नेम, आणि तो असा चिखलात गेला की काय? मंगळवारी ती मत द्यायला गेली तेव्हा रांगेत पुढे लुडलोबाई होत्या. पडद्याआड गेल्या, पटकन बाहेर आल्या. चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट.

आता मतपेटी म्हणजे काय? जिथे आपण काय ऐकलं हे कोणालाही न सांगता बोलता येतं ती जागा. कॉटनवूड बेंडमध्ये तीनशे आठ मतं पडली. स्टॅनार्डला सतरा मिळाली. बाकीच्या मतदारसंघात तो थोडा पुढे होता. त्याला बुडवलं ते त्याच्या बालेकिल्ल्यानेच. विजयाच्या मेजवानीसाठी आणलेल्या दोन पेट्या तबेल्यात तशाच पडून राहिल्या, कारण मेजवानीला यायला कोणी मोकळं नव्हतं. कोणाची गाय व्याली होती, कोणाचं डोकं दुखत होतं.

शुक्रवारी तो अल्बिनाच्या दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, टोपी हातात.

"सेंट्रल, त्यांना कसं समजलं?"

"काय समजलं, साहेब?"

"तुला माहितीये काय ते!"

"मला? मी तर बोर्डाचा खिळा." अल्बिना खुर्चीवरून उठलीही नाही. "तुम्ही कंपनीला लिहा की. पण काय बोलणं फुटलं, ते शब्दन्शब्द लिहावं लागेल. साक्षीदार पाहिजेत तर गावात हिंडा, विचारा, कोणी ऐकलं म्हणून. बघा एक तरी हो म्हणतो का."

त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उंबऱ्यावर तिचं राहिलं होतं, अगदी तसं. ते बघताना अल्बिनाला आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, भरपूर आनंद झाला.

"त्याचं नाव एमिल होतं," ती म्हणाली. "आणि माझं अल्बिना. जाताना दार लावून घ्या. थंडी बाधते."

इथे गोष्ट संपली असती तर अल्बिना सुखाने झोपली असती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी लुडलोबाई आल्या, हातात भट्टीत भाजलेली सफरचंदाची गोड पाई, वर इस्त्रीचं फडकं. बसल्या. हवेबद्दल बोलल्या. पावाच्या पिठाबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "अल्बिना, तुझ्या नवऱ्याचं... फार वाईट झालं गं ते. माणसाने वेळीच काही केलं असतं तर..."

गावात पहिल्यांदाच तिला दुसऱ्या कोणी नावाने हाक मारली होती.

"बाई, तुमचा कॅनरी छान गातो," अल्बिना म्हणाली. "मागच्या आठवड्यात बुधवारी गात होता. दोन वर्षांपूर्वी त्या रविवारीही गात होता. एमिलला रक्त पडतंय असं जेलर सांगत होता ना, तेव्हा."

लुडलोबाईंचा चेहरा पिठासारखा झाला. हात फडक्याशी चाळा करू लागले. मग त्या बोलल्या, तेव्हा त्या आवाजात पहिल्या बाकावरची बाई कुठेच नव्हती.

"तूही होतीस की लाइनीवर, अल्बिना. तूही गप्पच बसलीस."

शेगडीवर किटली सुरसुरत होती. स्टॅनार्डला सतरा मतांवर आणताना जे अल्बिनाच्या हाताला लागलं नव्हतं, ते एका वाक्यात या बाईने तिच्या छातीत घातलं होतं. आणि बाई खोटं बोलत नव्हती.

"होते," अल्बिना म्हणाली. "म्हणून तर तुमची पाई मी खाणार नाही. आणि माझे कोलाचे तुम्हाला देणार नाही."

तिने पाई उचलून लुडलोबाईंच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं. बाई पायऱ्या उतरत होत्या तोच बोर्डावर एक झाकण पडलं. येन्सनच्या घराचं. अल्बिना जाऊन खुर्चीत बसली आणि दोरी खोचली.

"सेंट्रल, जरा डॉक्टर लावून दे गं," येन्सन म्हणाला.

"अल्बिना बोलतेय," ती म्हणाली. "आणि या लाइनीवर जे कोणी आहात, तुम्हीही ऐका. आजपासून मीही बोलणार."

सहा नंबरच्या लाइनीवर एकामागून एक रिसीव्हर खाली गेले. तिने ते मोजले. मग डॉक्टर जोडून दिला.